डाव्या कुशीवर

"डाव्या कुशीला व्हा," चांगुणा म्हणाली आणि हातमोज्यात बोटं सारली.

सहादू हलला नाही. छताकडं बघत पडून राहिला. तिच्या हातात फ्रिजमधून नुकतीच काढलेली सिरिंज होती. तिला सुई नव्हती. पुढं करंगळीएवढी मऊ नळी होती. आतलं औषध पाण्यासारखं दिसत होतं. थंड असेतो ते पातळ राहायचं. गुदद्वारातून आत गेलं की अंगाच्या उबेनं खरवसासारखं धरायचं आणि गाठीला लागून बसायचं. कॅन्सरचं औषध शिरेतून अंगभर फिरवण्यापेक्षा जिथं दुखणं आहे तिथंच ठेवायचं, असा दवाखान्यातला तो नवा प्रयोग होता. म्हणून घाई करावी लागे. जास्त वेळ हातात राहिलं तर ते नळीतच घट्ट व्हायचं.

"व्हा म्हणते ना. घट व्हायला लागलं."

"दार लावलं का?"

"लावलं."

"कडी?"

"कडी बी लावली, खिडकी बी लावली. आता काय भिंतीला पडदा लावू?"

तो कण्हत वळला. गुडघे पोटाशी घेतले आणि टॉवेल डोक्यावरून ओढून घेतला. रोज असंच. तोंड झाकलं की आपण तिथं नाही, असं बहुतेक त्याला वाटत असावं. बाहेरच्या खोलीत चांगला पलंग होता, पण तो दारातून दिसतो म्हणून त्यानं आतल्या खोलीत जमिनीवर गादी घालायला लावली होती. त्यामुळं चांगुणाला उकिडवं बसूनच सगळं करावं लागे.

"हळू! ढोराला औषध घालतीस काय?"

ती दट्ट्या सावकाश दाबत राहिली.

"तुझ्या हाताला माया कसली ती नाय. नुसती फावडी हायेत."

नळी बाहेर काढून तिनं त्याच्या अंगावर चादर टाकली. "आता उठू नका," एवढंच म्हणाली. मोजे नि सिरिंज पिवळ्या पिशवीत टाकली. ती पिशवी दवाखान्यात परत न्यायची असे. हे औषध कचऱ्यात जाऊन चालत नव्हतं. मग भिंतीला हात टेकून ती उठली, आणि उठता उठता ओटीपोटात कोणी खाली ओढावं तशी कळ आली. मांड्यांच्या मध्ये ते नेहमीचं ओझं उतरलं. तशीच पाय आखडत ती मोरीत गेली. हात धुतले, दार ओढून घेतलं, बोटांनी ते ओझं आत सारलं आणि जुन्या लुगड्याची पट्टी पुन्हा आवळून बांधली.

तिचं अंग बाहेर येत होतं, गर्भाशय खाली सरकलं होतं. राखीच्या बाळंतपणापासून. राखी आता नांदगावला दोन लेकरांची आई होती.

घरात हे कोणाला ठाऊक नव्हतं. राखी रांगत होती तेव्हा चांगुणानं एकदा नवऱ्यापाशी तोंड उघडलं होतं. "अहो, मला खाली जरा..." एवढंच बोलली असेल. सहादू जेवत होता. ताटावरची मान वर न करता तो म्हणाला, "बायकांचं बायकांत ठेव."

पण त्या घरात दुसरी बाई नव्हती. सासू आधीच गेलेली, माहेर लांब. शेजारणींना सांगावं तर उद्या सगळ्या सातपुरात होईल. मग तिनं पट्टी बांधायला सुरुवात केली. आणि मनाची समजूत घातली की आपण काय सांगत होतो ते त्याला कळलंच नाही. कळलं असतं तर नेलं असतं त्यानं. एकदा ती तापानं फणफणली होती तेव्हा रिक्षा मिळेना म्हणून तिला पाठीवर घेऊन तो दवाखान्यापर्यंत चालत गेला होता. तोंडाचा फाटका आहे, पण काळजाचा वाईट नाही. ही समजूत तिनं मोडू दिली नव्हती. ती मोडली असती तर या माणसाच्या ताटात रोज भाकरी कशी वाढली असती?

सहादू सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर टर्नर होता. निवृत्त झाला त्या दिवशी साहेबानं त्याचा हात हातात घेऊन सगळ्यांना दाखवला होता. असा स्थिर हात पुन्हा मिळायचा नाही, म्हणाला. संडासवाटे रक्त जायला लागलं तेव्हा सहादूनं कितीतरी महिने ते कोणाला सांगितलं नाही. मग मूळव्याध म्हणाला. त्र्यंबकच्या बाजूच्या कोण्या माणसानं दिलेली मुळी उगाळून प्यायला. शेवटी दीपकनं, त्यांच्या मुलानं, जबरदस्तीनं तपासायला नेलं तेव्हा गाठ निघाली. ऑपरेशन केलं तर पोटाला संडासची पिशवी लागेल, असं डॉक्टर म्हणाले आणि सहादू खुर्चीवरून उठूनच उभा राहिला. पिशवी लावून जगण्यापेक्षा मेलेला बरा. मग किरणांचे शेक झाले, गोळ्या झाल्या, आणि गाठ थोडी उरली तेव्हा डॉक्टरांनी या नव्या औषधाचं विचारलं.

लोकांना मात्र अजून मूळव्याधच सांगितली जात होती.

पहिल्या डोसाच्या दिवशी दवाखान्यातल्या वैष्णवी सिस्टरनी औषध कसं द्यायचं ते दाखवलं. आधी सहादूला एकट्याला आत बोलावलं. त्या वेळी चांगुणा खाली औषधांच्या रांगेत उभी होती. ती वर आली तेव्हा सहादू बाहेर बाकावर बसला होता आणि म्हणाला, "तुला बोलावतायत. शिकून घे." दीपकलाही बोलावलं होतं. सिस्टरनी हातमोजे पुढं केले आणि दीपकचा फोन वाजला. वाजला का, कोण जाणे. तो कानाला लावून जिन्याकडं निघून गेला. सून निकिता येऊ शकत नव्हती. ती गरोदर होती आणि गरोदर बाईनं या औषधाला हातही लावायचा नाही, असं सिस्टरनी बजावलं होतं. राहिली चांगुणा.

तेव्हापासून घराचं घड्याळच त्या औषधावर चालायला लागलं. फ्रिजमधला वरचा कप्पा रिकामा झाला. सकाळी सहादूला औषध दिल्याशिवाय चूल पेटत नव्हती, संध्याकाळी दिल्याशिवाय जेवण होत नव्हतं. त्याला मऊ खिचडी, त्याला ताक, त्याच्या खोलीजवळ कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. मधल्या तपासणीत गाठ निम्म्यानं कमी झालेली निघाली. दीपक पेढे घेऊन आला.

"नाना, डॉक्टर काय म्हणाले माहितीये? म्हणाले, तुमच्या वडिलांच्या हिमतीला मानलं पाहिजे."

सहादूनं पेढा तोंडात टाकला आणि मिशीवरून बोट फिरवलं. "सोसावं लागतं बाबा. दुसरा आसता तर पळून गेला आसता."

चांगुणानं पेढा हातात घेतला आणि डब्यात परत ठेवला. तिला त्या दिवशी उभं राहवत नव्हतं. निकितानं ते पाहिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती सकाळ आली. चांगुणा गादीपाशी उकिडवी बसली. सहादू टॉवेलखालून नेहमीसारखा बडबडत होता. तुझी बोटं थंड, तुझा श्वास अंगावर येतो, कालच्यासारखं करू नको. तिनं दट्ट्या दाबला आणि तिच्या पोटात काहीतरी चिरत गेलं. डोळ्यांपुढं अंधारी आली. तरी तिनं औषध पुरतं आत जाऊ दिलं, नळी काढली आणि जमिनीवर बसकण मारली. लुगड्याखालून उष्ण ओल फरशीवर पसरत गेली.

सहादूनं टॉवेल बाजूला केला आणि फरशीवरचं रक्त पाहिलं.

"आयला! रक्त! काय केलंस तू? फाडलंस की काय मला? दीपक! ए दीपक!"

"वरडू नका," ती म्हणाली. "तुमचं नाय ते. माझं हाय."

तो बघत राहिला. आधी फरशीकडं, मग तिच्या लुगड्याकडं.  मग तो सावकाश पुन्हा डाव्या कुशीला वळला आणि भिंतीकडं तोंड केलं. औषध घेतल्यावर उठायचं नसतं, हे त्या वेळी त्याला नेमकं आठवलं.

चांगुणानं स्वतःचं रक्त स्वतः पुसलं. पाणी निथळायचं थांबलं तरी ती फडकं पिळत राहिली.  तो राग होता. इतक्या वर्षांत असा राग तिला कधी आला नव्हता; आला असेल तर भांड्यांवर निघाला असेल. या रागाला भांडी पुरणार नव्हती.

बाहेर दीपक, वडिलांची रोजचीच ओरड समजून, कामावर निघायच्या घाईत चहा पीत होता.

"मला दवाखान्यात दाखवायचंय," ती म्हणाली.

"का? काय झालं?"

"बायकांचं हाय."

दीपकची नजर मोबाईलवर गेली. "आई, नानांचं औषध संपू दे ना जरा. मग निकिताचं बाळंतपण येईल. आता तू आजारी पडलीस तर नानांचं कोण करणार?"

"तू कर."

"मी?" त्यानं कप खाली ठेवला. "आई, अगं मी मुलगा आहे त्यांचा. मला कसं..."

"आणि मी कोण हाय?"

आवाज एवढा चढला की आतल्या खोलीतली कण्हण्याची कुरकुर थांबली.

"मी कोण हाय, सांग ना. तुला लाज वाटती, त्यांना लाज वाटती. मला काय लाज देवानं दिलीच नाय? तुझं शी-मूत काढलं, तुझ्या आज्याचं काढलं, आता ह्यांचं. कोणी एकानं तरी इचारलं का, चांगुणा, तुला काय होतंय?"

"आई, हळू. शेजारी ऐकतील."

"ऐकू दे. मूळव्याध मूळव्याध करून लय झाकलं. आता ऐकू दे."

निकिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एक हात पोटावर होता. "मोरीत रक्ताचं फडकं मी पाहिलंय, दीपक," ती म्हणाली. "उद्या नानांची तपासणी आहे ना? उद्या आईंनाही दाखवायचं. तू सुट्टी टाक."



दुसऱ्या दिवशी दीपकनं सुट्टी टाकली. दवाखान्यात दीपक त्यांना दारात उतरवून गाडी लावायला गेला. वर वैष्णवी सिस्टरनी सहादूचं वजन घेतलं, पिवळी पिशवी ताब्यात घेतली आणि सवयीनं हसून विचारलं, "काय काकू, तुम्ही आज उतरलेल्या दिसता?"

चांगुणा म्हणाली, "सिस्टर, बायकांचा विभाग कुठल्या मजल्यावर हाय? मला दाखवायचंय. माझं ऑपरेशन बिपरेशन सांगितलं, तर ह्यांच्या औषधाचं काय करायचं तेवढं सांगा. घरात दुसरं कोणी करणारं नाय."

"अहो, त्याची कसली काळजी करता? काका स्वतः घेतील की."

चांगुणाला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "स्वतः म्हंजे?"

"स्वतःच. आमचे बरेच पेशंट स्वतःच घेतात. म्हणून तर नळी अशी वळणारी केलीय. काकांना तर पहिल्याच दिवशी जमलं होतं. मी समजावून सांगितलं, त्यांनी माझ्यासमोर पहिला डोस स्वतः घेतला. इतका स्थिर हात आहे त्यांचा! मी म्हटलंसुद्धा, काका, तुम्हाला कोणाची गरजच नाही. तर म्हणाले, तरी बायकोला शिकवून ठेवा." सिस्टर थांबल्या. दोघांच्या तोंडाकडं पाहून त्यांचं हसू ओसरलं. "म्हणजे... मला वाटलं, अडीअडचणीला म्हणून."

सहादू पायातल्या चपलांकडं बघत होता.

"तुम्ही स्वतः घेतलं होतं?" चांगुणानं विचारलं.

"एकदाच."

"मग?"

"कसंतरी वाटतं गं. आपल्याच हातानं... किळस येती."

"मला काय वास येत व्हता, अत्तराचा?"

 तिला त्या फरशीवर घालवलेली एकेक सकाळ, एकेक संध्याकाळ आठवली. खाली उतरत जाणारं ओझं आठवलं. टॉवेलखालून आलेला एकेक शब्द आठवला. फावडी. ढोर. तिला वाटलं, आत्ता याच्या तोंडात मारावी. सिस्टरसमोर, सगळ्यांसमोर. पण ती वळली आणि जिन्याच्या दिशेनं चालायला लागली. पट्टी ढिली झाली होती, पाय फाकत होते. तिनं ते झाकलं नाही.

मागून चपलांचा आवाज येत होता. "चांगुणे, थांब. अगं थांब, मी येतो ना संगं. तुला एकटीला नाय सांगता यायचं."

स्त्रियांच्या विभागात बरीच वाट पाहावी लागली. सहादू तिच्या शेजारी बसला. एकदा त्यानं पाणी आणून दिलं, तिनं घेतलं नाही. आसपासच्या बायका त्या एकट्या पुरुषाकडं बघत होत्या आणि तो मान खाली घालून ते सोसत होता. नाव पुकारलं तेव्हा तोही उठला. ती आत जाऊन स्टुलावर बसली, तो मागं उभा राहिला.

डॉक्टर बाई मध्यम वयाच्या होत्या, घाईत पण शांत. "बोला काकू. काय त्रास होतो?"

चांगुणानं तोंड उघडलं. कालपासून शब्द जुळवून ठेवले होते. पण ते कधी कोणापुढं पुरते उच्चारलेच नव्हते. राखी झाल्यापासून एकदाही नाही.  तिनं पदर तोंडाशी घेतला.

"अंग बाहेर येतं तिचं," मागून सहादू म्हणाला.

डॉक्टरांनी मान वर केली. चांगुणानं मागं वळून पाहिलं नाही.

"कधीपासून?"

"आमची राखी झाली तवापासून. पोरगी तीन महिन्यांची आसंल. पाण्याचे हंडे उचलायची ही, दोन-दोन. आमच्या चाळीत तवा वर नळ नव्हता. तवापासून." त्याचा आवाज खाली होता, पण अडखळत नव्हता. मशिनीचा बिघाड सांगावा तसा तो क्रमानं सांगत होता. "आधी लय वेळ उभी राहिली तरच यायचं. मग वझं उचललं की यायला लागलं. आता बसली तरी येतं. लुगड्याची पट्टी बांधती. लघवीला जाऊन आली की मोरीत थांबती, हातानं आत सारती. थंडीत खोकला झाला की लय हाल व्हतात तिचे. काल रक्त बी गेलं."

डॉक्टर लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक उमटलं. "काका, बरं झालं तुम्ही सोबत आलात. बायका सांगत नाहीत आणि नवऱ्यांना तर काही माहीतच नसतं. एवढं बारीक लक्ष ठेवणारा माणूस मी फार कमी पाहिलाय."

सहादूचे खांदे किंचित सरळ झाले. तो एक पाऊल पुढं आला आणि वाकून चांगुणाच्या तोंडाकडं पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं होतं. त्या बघण्यात थोडी लाज होती, थोडी आशाही होती. झालं ना आता? सांगितलं ना मी?

"तुम्हाला ठाऊक व्हतं," चांगुणा म्हणाली.

"आता एका घरात राहून ठाऊक नसतंय व्हय?" तो म्हणाला. आवाजात समजूत काढण्याचा मऊपणा होता.

ती त्याच्याकडं बघत राहिली. त्याच्या पांढऱ्या मिशीकडं, डोळ्यांखालच्या सुजेकडं, टेबलाच्या कडेवर टेकलेल्या त्या न हलणाऱ्या हाताकडं. हा माणूस तिला पुरता माहीत आहे, असं तिला वाटत आलं होतं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "ह्यांना बाहेर बसवा."

"असू दे की काकू. त्यांना सगळं माहितीये, मला विचारायला सोपं—"

"बाहेर."

सहादू काही बोलणार होता. डॉक्टरांनी चांगुणाच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि पेननं दाराकडं खूण केली. तो गेला. दार पुरतं लागलं नाही. फटीतून बाकावर बसलेल्या त्याचे गुडघे दिसत होते, आणि पलीकडं रांगेतल्या बायकांच्या साड्या.

"हं," डॉक्टर म्हणाल्या. "सांगा."

चांगुणानं पदर तोंडावरून काढून कमरेला खोचला. स्टूल पुढं ओढलं.

"माझं अंग बाहेर येतं," ती म्हणाली आणि सुरुवातीपासून सांगायला लागली. हंडे, पट्टी, मोरी, गादीपाशी उकिडवं बसणं, कोणी काय विचारलं आणि कोणी काय विचारलं नाही, सगळं. बाहेरचं बोलणं हळूहळू थांबत गेलं. डॉक्टरांनी दाराकडं पाहिलं आणि जरा हळू बोला म्हणून हात केला.

चांगुणानं आवाज कमी केला नाही.